रोलमधे अजून दोन फोटो शिल्लक आहेत!

मागच्या अंकात सहज लिहून गेले की तुमच्या घरातला पहिला कॅमेरा कुठला, पहिले फोटो कसे आले, काही विचारायचं असेल तर बिनधास्त विचारा. आता भोगतेय. पत्रं, मेल, शिवाय व्हॉट्सॲपवर जुन्या फोटोंचे काढलेले फोटो, त्यात ट्यूबलाइटची चमक आणि काढणाऱ्याचा अंगठा फुकट. सगळ्यांना उत्तर देणं काही जमणार नाही, सात जणांना देते. आणि हो, मी फोटोग्राफर नाही हे आधीच सांगून ठेवते. मिरजेच्या रेल्वे क्वार्टर्समधे वाढलेली, वडिलांच्या कॅमेऱ्याला हात लावला म्हणून दोनदा मार खाल्लेली आणि लग्नानंतर बारा वर्षं एका फोटो स्टुडिओच्या वर भाड्याने राहिलेली बाई आहे, खालून जिन्याने वर येणारा हायपोचा, म्हणजे फोटो धुवायच्या रसायनाचा, वास अजून नाकात बसलाय, एवढीच काय ती पात्रता.

प्रश्न (चिपळूणहून, निवृत्त शिक्षिका): ताई, सासऱ्यांच्या ट्रंकेत एक काळा चौकोनी डबा सापडला. वर आणि बाजूला छोट्या काचा, मागे लाल रंगाची गोल खिडकी, तिच्यात ७ आकडा दिसतोय. नातू म्हणतो बॉम्ब आहे, मला वाटतं कॅमेरा असावा. उघडून बघू का?

उत्तर: उघडू नका! हे छापून येईपर्यंत नातवाने उघडला नसेल अशी आशा. तो बॉक्स कॅमेराच आहे, आणि खिडकीत ७ दिसतोय म्हणजे आत रोल आहे आणि सासऱ्यांनी सातवा फोटो एकतर काढलाय नाहीतर काढायचा ठेवलाय. तो आकडा फिल्मवर नसतो बरं का, फिल्मच्या पाठीला कागद असतो त्याच्यावर छापलेला असतो, आणि खिडकी लालच का, तर जुन्या फिल्मला लाल उजेड जवळजवळ दिसायचाच नाही.

आता बाजूची किल्ली हळूहळू फिरवत राहा. आकडे पुढे जातील, मग आकडे संपून कोरा कागद दिसेल आणि किल्ली एकदम सैल फिरायला लागेल, म्हणजे अख्खा रोल पलीकडच्या रिळावर गेला. मग खोलीत अंधार करून मागचं झाकण काढायचं, रोल सुटू न देता घट्ट धरायचा, टोकाची कागदी पट्टी चिकटवायची (आम्ही ती जिभेने ओली करून चिकटवायचो, ती चव अजून आठवते, तुम्ही आपलं पाणी लावा) आणि ॲल्युमिनियम फॉइलमधे गुंडाळून ठेवायचा. किल्ली अडली तर जोर लावायचा नाही, इतक्या वर्षांचा कागद टर्रकन फाटतो, मग सरळ कॅमेराच काळ्या कापडात गुंडाळून जाणकाराकडे न्या.

फोटो येतील का, तर येऊ शकतात. फिल्मवर एकदा उजेड पडला की त्याची खूण आतल्या चांदीच्या क्षारात बसते, दिसत नाही पण असते, धुतल्यावर वर येते. १८९७ साली आंद्रे नावाचा एक स्वीडिश माणूस दोन सोबती घेऊन बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाला, बलून बर्फावर उतरलं, चालत परत यायला निघाले आणि तिघंही गेले. त्यांचा शेवटचा मुक्काम १९३० मधे एका बेटावर सापडला, त्यात रोलही सापडले, ३३ वर्षं बर्फात पडलेले, आणि साधारण २४० फोटोंपैकी ९३ चक्क धुवून निघाले. बर्फावर आडवं पडलेलं बलून आणि त्याच्याकडे बघत उभी असलेली माणसं, सगळं. अर्थात तिकडे गारठा होता आणि तुमच्याकडे चिपळूणचा पावसाळा. गारठ्यात फिल्म टिकते, दमटात बुरशी खाते. तरी सातातला एक आला तरी जिंकलात.

धुवायला देताना ब्लॅक अँड व्हाइट हाताने धुणारी लॅब शोधा, मशीनमधे टाकायला देऊ नका. रोल बहुतेक १२० नंबरचा निघेल किंवा ६२०. १२० कोडॅकने १९०१ मधे काढला तो आजही मिळतो, ६२० म्हणजे तीच फिल्म बारक्या रिळावर, १९३० नंतर लवकरच आली आणि १९९५ मधे बंद झाली. ६२० निघाला तर रिकामं रीळ लॅबवाल्याकडून आठवणीने परत मागा, अंधारात १२० ची फिल्म त्यावर गुंडाळली की सासऱ्यांचा कॅमेरा परत चालतो. आणि काय निघालं ते मला कळवा, नाहीतर मला झोप लागणार नाही.

प्रश्न (सोलापूरहून, गृहिणी): आमच्या दादांकडे आगफा क्लिक थ्री होता. १९७० ते ८० मधले सगळे फोटो परवा बघत बसले तर सगळेच्या सगळे घराबाहेरचे! अंगणात, गच्चीवर, स्कूटरशेजारी. आणि निम्म्या फोटोंत कुणाचं तरी डोकं उडालेलं. आम्ही घरात राहतच नव्हतो का हो?

उत्तर: अहो, क्लिक थ्री! तुमचं पत्र वाचलं आणि हातातली पोळी तव्यावर करपली. आमच्याकडेही तोच, १९७२ साली अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बोनसच्या पैशातून घेतला. काळा, गुबगुबीत, पट्ट्याने गळ्यात घातला की माणूस आपोआप पोट आत घेऊन उभा राहायचा. आपल्या देशातल्या अर्ध्या मध्यमवर्गाचं बालपण त्या डब्यातून गेलंय असं माझं प्रामाणिक मत आहे.

बाहेरच का, तर अशा साध्या कॅमेऱ्यांत भिंग साधंच, भोक बारीक, आणि भिंगाचं झाकण, म्हणजे शटर, सेकंदाच्या साधारण तिसाव्या-पन्नासाव्या भागात उघडून मिटणार. तेवढ्यात फिल्मला पोटभर उजेड मिळायचा तर टळटळीत ऊन पाहिजे. आपण ठरवायचं एवढंच की आज ऊन आहे का ढग. घरात चाळीसचा पिवळा बल्ब, त्यात काय डोंबल येणार? फ्लॅशगन मिळायची, पण तिचा बल्ब एका फोटोत जळून जायचा, एका फोटोला एक बल्ब, तो रेल्वेच्या पगारात कुणाला परवडायचा. त्यामुळे माणसं बाहेर यायची आणि त्यांच्याबरोबर घरातल्या वस्तूही बाहेर यायच्या. आमच्याकडे शिलाई मशीन घेतलं तेव्हा दोघांनी उचलून ते अंगणात आणलं, आईला लग्नातला शालू नेसवला, मशीनपुढे बसवलं आणि फोटो काढला, आजही तो बघणाऱ्याला वाटतं की ही बाई भर दुपारी शालू नेसून रस्त्यावर कपडे शिवायची. रेडिओचाही तसाच आहे, तुळशी वृंदावनाच्या कट्ट्यावर, त्याची वायर कशातच नाही.

डोकी उडायचं कारण असं की आपण बघतो एका काचेतून आणि फोटो निघतो खालच्या भिंगातून, मधे दोन बोटांचं अंतर. लांबच्या डोंगराला त्याने काही होत नाही, जवळ उभ्या माणसाला होतं. फोटो काढणाऱ्याला वाटतं मस्त बसलाय, आणि धुवून आल्यावर काकांचं कपाळ गायब. त्यात आपल्याकडे सगळ्यांना "जवळून काढ, चेहरा मोठा येऊ दे" याची हौस.

आता खरी गंमत रोलची. क्लिक थ्रीत १२ फोटो यायचे, बारा म्हणजे बारा. आमच्याकडे वर्षाला दोन रोल, फार तर तीन. कधी उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा इंदू, कधी पूर्व जर्मनीचा ऑर्वो, दुकानात जो असेल तो (उटीचा कारखाना १९६७ पासून फिल्म बनवत होता, तोही आता बंद पडला). दिवाळीत पाच फोटो काढायचे, संक्रांतीला हलव्याचे दागिने घातलेल्या धाकट्याचे दोन, आल्यागेल्याचे तीन, मग कॅमेरा कपाटात. पाडव्याला कोणी आलं की अण्णा कपाट उघडणार, लाल खिडकीत डोळा घालणार आणि जाहीर करणार, "रोलमधे अजून दोन फोटो शिल्लक आहेत!" ते दोन संपल्याशिवाय दिवाळीचे धुवायला जायचे नाहीत. दिवाळीतला अनारसा तोंडात धरलेला तुमचा फोटो तुम्हाला कैऱ्या आल्यावर बघायला मिळायचा, तोवर तुम्ही दोन इंच वाढलेले. शेवटी वैतागून ते दोन कशावर तरी संपवायचे. शेजारची म्हैस, शंटिंगचं इंजिन, सार्वजनिक नळ.

आणि आज अल्बम काढला की मी तेच आधी बघते. दिवाळीचे फोटो तुमच्याआमच्याकडे सारखेच, नवे कपडे, कंदील, उन्हाने मिटलेले डोळे. पण आमच्या नळाचा फोटो फक्त आमच्याकडे आहे, आणि त्या नळाशी वाकलेली पाठ आजीची आहे. आजीने उभ्या आयुष्यात कॅमेऱ्यासमोर तोंड केलं नाही, फोटो काढला की आयुष्य कमी होतं म्हणायची. जगली मात्र एक्याण्णव वर्षं, त्यामुळे तिला खोटं पाडता आलं नाही कधी.

विचारलंच आहे तर माझा पहिला फोटोही सांगून टाकते. १९७५, शाळेची ट्रिप पन्हाळ्याला, अण्णांनी शंभर सूचना देऊन कॅमेरा दिला आणि तीन फोटोंची परवानगी. त्यातला पहिला तीन दरवाजाचा काढला, झोकात. मग चार मैत्रिणींना उभं केलं आणि खटका दाबला, पण मधे किल्ली फिरवायची विसरले. त्या कॅमेऱ्याला काही पडलेली नसते, तुम्ही रोल सरकवा न सरकवा, तो दुसरा फोटो पहिल्याच्या डोक्यावर बसवतो. धुवून आलं ते असं की तीन दरवाजाच्या भिंतीतून चार मुली आरपार दिसतायत, दोन वेण्या, रिबिनी आणि त्यांच्यातून दगड. अण्णा म्हणाले एका फोटोची माती केलीस. फोटोवाल्याने मात्र त्याची एक मोठी कॉपी काढून स्टुडिओत लावली, "भूत" असं खाली लिहून, आणि मी पुढची दोन वर्षं मुद्दाम त्या गल्लीतून जायचे.

प्रश्न (नाशिकहून, बँक कर्मचारी): आमची आजी तिघांचा एकत्र फोटो कधी काढू द्यायची नाही. यामागे काय शास्त्र?

उत्तर: शास्त्र विचारायची हिंमत आमच्याकडे कुणात नव्हती! तिघांतला मधला जातो म्हणायचे, झालं. आम्ही भावंडं तीन, त्यामुळे आमच्या प्रत्येक फोटोत चौथं कुणीतरी आहेच. मोती कुत्रा, शेजारचं रडकं बाळ, एकदा तर कुणीच सापडेना म्हणून उशीला फ्रॉक घालून मधे बसवली. उशी माणसात धरायची का नाही यावर आजी आणि अण्णांचा वाद इतका वेळ चालला की ऊन उतरलं आणि तो फोटो काळाच आला. मधली मीच होते, ठणठणीत आहे.

प्रश्न (पुण्याहून, वय ६२): १९८६ साली आमचं लग्न झालं. फोटोग्राफरने दोनशे तरी फ्लॅश मारले असतील, अल्बममधे फोटो चौतीस! बरं ते चौतीसही आता लालगुलाबी झालेत, आणि माझ्या आईच्या लग्नाचे ब्लॅक अँड व्हाइट मात्र कालच काढल्यासारखे. आम्हाला फसवलं का?

उत्तर: पहिल्या बाबतीत हो, दुसऱ्या बाबतीत नाही.

फ्लॅशचं गुपित मला आमच्या खालच्या स्टुडिओवाल्यांनी रिटायर झाल्यावर सांगितलं, आधी विचारलं की नुसते हसायचे. लग्नात आहेर घेऊन येणारे तीनशे, रोल ३६ चा, आणि मुलीच्या वडिलांनी सकाळीच बाजूला घेऊन बजावलेलं असायचं की एका रोलच्या वर जायचं नाही. पण मुलाकडचे मामा स्टेजवर आले की फोटो निघाल्याशिवाय हटतात का? मग नुसताच फ्लॅश मारायचा. लख्खकन उजेड पडला, मामा खुश, खाली उतरून पंगतीला बसले. वर्षभराने अल्बम बघायला कोण मामा येतोय. काही हुशार मामा मात्र कॅमेऱ्याची किल्ली फिरते का ते बघायचे म्हणे, त्यांच्यासाठी मग खरा एक खर्च करावा लागायचा. तुमच्या लग्नात कोणा कोणाचा फोटो नाहीये ते बघा आणि मेव्हण्यांना हे उत्तर दाखवू नका.

रंगाचं म्हणाल तर त्यात कुणाचा दोष नाही, त्या काळचा मालच तसा. ब्लॅक अँड व्हाइट फोटोत जे काळं दिसतं ना, ती खरोखरची चांदी असते, बारीक बारीक कणांची. नीट धुतलेली असेल, हायपो कागदात मागे राहिला नसेल, तर ती शंभर वर्षं हलत नाही. कलर फोटोत मात्र धुताना चांदी काढूनच टाकतात, मागे उरतात तीन रंग, पिवळा, किरमिजी आणि आकाशी. त्यातला आकाशी त्या काळच्या बऱ्याच कागदांवरून अंधारातसुद्धा हळूहळू उडून जायचा, कपाटात जपून ठेवलेल्या अल्बममधेही, आणि मग राहतं ते लालभडक. भिंतीवर उजेडात लावलेल्या फोटोचं उलटं होतं, पिवळा-किरमिजी आधी जातात आणि फोटो निळा पडतो, सलूनच्या काचेवरची ती निळी पडलेली हेअरस्टाइलची पोस्टरं आठवा.

तुम्हाला करता येण्यासारखं बरंच आहे. पहिलं, निगेटिव्ह शोधा. पाकिटातल्या त्या तपकिरी पट्ट्या आपल्याकडे लोक "काळं काळं काय आहे ते" म्हणून फेकतात आणि फोटो जपतात, खरं म्हणजे फोटो गेला तरी चालेल, पट्टी पाहिजे, तिच्यावरून रंग पुष्कळ परत आणता येतात. पट्ट्यांना व्हिनेगरसारखा आंबट वास यायला लागला असेल तर त्या वेगळ्या ठेवा आणि आधी त्याच स्कॅन करा, तो वास म्हणजे फिल्म सडायला लागल्याची खूण. नसल्याच पट्ट्या तर फोटो स्कॅन करून स्टुडिओत रंग दुरुस्त करून घ्या. दुसरं, तुमचा अल्बम चिकटपट्टीवाला असणार, पानाला गोंदाच्या रेघा आणि वर प्लॅस्टिकचा कागद, ८६ म्हणजे तोच असणार. त्याच्यातून फोटो ओढून काढू नका, फाटेल, फोटोच्या खालून बारीक मजबूत दोरा करवतीसारखा हळूहळू ओढत न्या. सुटतच नसेल तर राहू दे बापडा, पानासकट स्कॅन करा. याच्यापेक्षा काळ्या पानांचे अल्बम आणि कोपऱ्यात बसवायचे ते त्रिकोणी कागद किती शहाणे होते. फोटो चिकटवायचा नाही, चारी कोपरे धरून नुसता बसवायचा. आईच्या लग्नाचे फोटो ठणठणीत आहेत त्याचं थोडं श्रेय त्या कोपऱ्यांनाही द्या.

प्रश्न (ठाण्याहून): माझा पहिला कॅमेरा म्हणजे १९८५ च्या आसपास घेतलेला चपटा, खिशात मावणारा, ११० च्या कार्ट्रिजचा. नुसता खटका दाबा की झालं! पण फोटो कायम धुरकट. माझा हात हलायचा का?

उत्तर: थोडा हलत असेल, पण सगळा आळ हातावर घेऊ नका. ११० ची फिल्म आली १९७२ मधे, तिच्यावरचा एक फोटो म्हणजे १३ मिलिमीटर बाय १७ मिलिमीटर, करंगळीच्या नखाएवढा म्हणा. वरच्या क्लिक थ्रीवाल्या बाईंचा ५६ बाय ५६, म्हणजे तुमच्यापेक्षा चौदा पट मोठा. नखाएवढ्या चित्राला ताणून पोस्टकार्ड केलं की ते फिसकटणारच. शिवाय ते कॅमेरे वजनाला इतके हलके की खटका दाबताना बोटाबरोबर कॅमेराच खाली जायचा.

पण लहान कॅमेरा म्हणून त्याला हसू नका. इंग्लंडात टालबट नावाच्या संशोधकाने १८३५ मधे घराच्या जाळीच्या खिडकीचा निगेटिव्ह काढला, आज आहेत त्यांतला सगळ्यात जुना निगेटिव्ह तो, आणि तोही पोस्टाच्या तिकिटाएवढाच. त्याने शेजारी लिहून ठेवलंय की नवा होता तेव्हा भिंगातून खिडकीच्या सुमारे दोनशे काचा मोजता यायच्या. त्याचे ते लाकडी खोके घरभर ठेवलेले असायचे, आणि त्याची बायको त्यांना उंदराचे सापळे म्हणायची. नवऱ्याच्या कॅमेऱ्याला नावं ठेवणं इतकं जुनं आहे!

प्रश्न (डोंबिवलीहून, एफवायची विद्यार्थिनी): मला फिल्म कॅमेरा घ्यायचाय, माझा पहिला. घरचे म्हणतात फोन असताना हे काय फॅड. घेऊ का?

उत्तर: घे ना बाई. फॅड तर फॅड, आम्ही उशीला फ्रॉक घालून फोटो काढलेत. फक्त नवीन चकचकीत काही शोधू नकोस, आधी सगळ्या मावशा-काकांना विचार, निम्म्या घरांत माळ्यावर एक तरी ३५ एमएमवाला धूळ खात पडलाय आणि तो द्यायला ते तयार असतात. चोर बाजारात नाहीतर पुण्याच्या जुन्या बाजारात घेणार असशील तर मागचं झाकण उघडायला लाव, फोनचा टॉर्च भिंगाच्या एका बाजूने मार आणि दुसऱ्या बाजूने बघ, कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी, सोडून दे. बॅटरीच्या खणात हिरवं साचलंय का बघ. झाकणाच्या कडेचा फोम चिकट झाला असेल तर तिथून उजेड शिरतो, पण तो बदलता येतो, घाबरू नकोस, त्यावरून किंमत पाड. घेतलास की चामड्याच्या केसमधे ठेवू नकोस, चामडं ओल धरतं, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेव. आणि पहिला रोल संपल्यावर आधी उलटा गुंडाळायचा असतो आणि मग झाकण उघडायचं असतं. हे मी का सांगतेय ते विचारू नकोस, माझ्या भाच्याच्या मुंजीचा एकही फोटो नाही.

प्रश्न (नांदेडहून): ताई, प्रश्न म्हणावा का माहीत नाही. वडील १९९८ ला गेले. घरात सहा अल्बम आहेत, सगळे फोटो त्यांनीच काढलेले, आईचे, आमचे, आत्याचे, बैलांचेसुद्धा. त्यांचा स्वतःचा फोटो एकच, ऑफिसच्या ओळखपत्रावरचा. हार घालायला तोच मोठा केलाय, पण तो त्यांच्यासारखा दिसतच नाही. अजून कुठे काही मिळेल का?

उत्तर: मिळेल. सहाही अल्बम परत काढा आणि या वेळी माणसांकडे बघू नका, खाली जमिनीकडे बघा.

त्या काळातल्या साध्या कॅमेऱ्याचा पहिला नियम एकच, सूर्य पाठीशी ठेवा. कॅमेऱ्याबरोबर माहितीचा जो कागद यायचा त्यातही हेच असायचं आणि दुकानदारही हेच सांगायचा. सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी म्हणजे काढणाऱ्याची सावली फोटोत. भर दुपारी ती पायाशीच राहते, पण फोटो निघायचे कधी, सकाळी नवे कपडे घातल्यावर नाहीतर संध्याकाळी पाहुणे चहा घेऊन निघताना, तेव्हा सावल्या लांब. तुमच्या आईच्या साडीच्या काठापर्यंत आलेली एक तरी सावली सापडेल बघा. कॅमेरा डोळ्याला लावणारा असेल तर सावलीला दोन्हीकडे कोपरं फुटलेली दिसतील, पोटाशी धरून वरून बघायचा असेल तर मान खाली घातलेली दिसेल. टोपी, खांद्यावरची शबनम, वाऱ्याने उडालेला सदरा, सगळं येतं त्या सावलीत. आम्हाला अण्णांच्या अशा एकवीस सावल्या मिळाल्या, मी मोजल्या, धाकट्याने तेवीस मोजल्या पण त्यातल्या दोन विजेच्या खांबाच्या आहेत असं माझं म्हणणं आहे.

मग चकाकणाऱ्या वस्तू बघा. गोदरेजच्या कपाटाचा आरसा, स्कूटरचा हेडलाइट, पितळेचा बंब, पाहुण्यांचा गॉगल. निगेटिव्ह असेल तर तिथून मोठा करून घ्या, कधीकधी आख्खा माणूस निघतो. फोटोंच्या पाठी वाचा, तारीख आणि गाव त्यांच्याच अक्षरात असेल. आणि दुसऱ्यांचे अल्बम मागवा, काका, आत्या, ऑफिसातले, शेजारी. आपल्या घरचा फोटो काढणारा माणूस दुसऱ्यांच्या फोटोत कुठेतरी कडेला उभा असतो, गळ्यात कॅमेरा अडकवून. आम्हाला अण्णा असेच सापडले, दुसऱ्याच कुणाच्या तरी मुंजीत, पंगतीत वाढताना, हातात जिलबीचं ताट आणि गळ्यात क्लिक थ्री.

तसा आमच्याही घरात त्यांचा एक फोटो आहे, रोलमधला बारावा. आईने काढलेला, आयुष्यात तिने काढलेला तेवढा एकच. अंगणात अण्णा डाव्या कडेला, अर्धेच आलेत, चेहरा हललेला, आणि एक हात पुढे करून काहीतरी सांगतायत. काय सांगत होते ते आईला शेवटपर्यंत पाठ होतं, "अगं तिकडून नाही, इकडून बघायचं, थांब, दाबू नकोस, दाबू नकोस."